चौतीस नंबरची तक्रार

—आणि बूट राहू द्या हो, तीन जिने चढून आलात तेच पुष्कळ. त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, ही घ्या. तर मी फोनवर सांगितलं ते अर्धंच, तुमच्या त्या बाईंना ऐकायला वेळ नव्हता — मंगळवारी, तीन जूनला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी त्या लिफाफ्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. हे बघा, वहीत आहे. मी सगळं लिहून ठेवतो. निळं कडं फिरलं, फिरलं, फिरलं, आणि गेलं. बस. ईमेलचा प्रोग्रॅम काही उघडला नाही. सात चौदाला परत. सात वीसला मशीन बंद करून चालू केलं, परत तेच. चार दिवसांत अकरा वेळा केलं, अकराही वेळा कडं फिरतं आणि जातं. का? तर सोमवारी रात्री त्यांनी अपडेट केलं म्हणून. मी सांगितलं होतं? मला कुणी विचारलं होतं? स्क्रीनवर आपलं ‘तुमच्यासाठी काही सुधारणा तयार आहेत’, आणि खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘थोड्या वेळाने’. ‘नको’ नाहीच! थोड्या वेळाने म्हटलं, तर मी झोपल्यावर परस्पर उरकून घेतलं. चांगलं चाललेलं मोडायचं आणि त्याला सुधारणा म्हणायचं. मला याची सवय नाही, टेश्केसाहेब. मी बत्तीस वर्षं हिल्डसहाइमच्या मोजणी खात्यात काढली. आमच्याकडे हद्दीचा दगड एकदा बसला की बसला.

काय म्हणालात? नाही, फोनवर नाही बघता येत, फोनवर माझी पत्रं नाहीतच. ती सगळी या मशीनच्या पोटात आहेत. आणि सगळी नकोच आहेत मला, एकच हवंय. पाठवायला नाही — उलट. ते जाता कामा नये, ते पुसायचंय. आज. आज शुक्रवार, उद्या सकाळी नऊला बागांची पाहणी आहे, त्याच्या आत. अहो, असं बघू नका, सांगतो. माझी पत्रं लगेच जात नाहीत. मी लिहितो आणि ‘पाठवा’ म्हणतो, पण प्रोग्रॅमला सांगून ठेवलंय की बाबा, तू जोडलेला नाहीस असं समज. तिथे एक खूण असते ना, ‘जोडणीशिवाय काम’, ती मी केलेली असते. म्हणजे पत्र जातं ते आउटबॉक्समध्ये, आणि तिथे पडून राहतं. रविवारी दुपारी साडेतीनला कॉफी झाली की मी खूण काढतो, एकेक पत्र परत वाचतो, जायचं ते जातं, नाही जायचं ते पुसतो. पूर्वी तर मी वायरच काढून ठेवायचो, लाइन जोडली की टेलिफोन अडकायचा ना तेव्हा. मग वीब्केने ही बिनवायरची पेटी बसवून दिली नाताळात, म्हणाली, बाबा, गुडघा दुखतोय, कशाला टेबलाखाली वाकतोस सारखा. तेव्हापासून वायर नाही, नुसती खूण.

वेडेपणा वाटतो? वाटू दे. आमचे मोठे साहेब म्हणायचे, रागाच्या पत्राला एक रविवार दाखवावा. त्यांचा तसा खणच होता, डाव्या हाताचा, वरून दुसरा. कुणी शेजाऱ्याच्या भिंतीवरून आम्हाला शिव्या घालणारं पत्र पाठवलं, की आम्ही उत्तर लिहायचं, चांगलं सणसणीत लिहायचं, आणि त्या खणात टाकायचं. सोमवारी बाहेर काढलं की दहातली नऊ फाडून टाकायचो. मी घरीही तेच केलं, सव्वीस वर्षं. किती लोकांना मी काय काय लिहिलंय, हिल्डसहाइममध्ये कुणाला ठाऊक नाही! डोळ्यांच्या डॉक्टरला, वर्तमानपत्राला, खालच्या मजल्यावरच्या त्या बाईला, जिन्यात बाळाची ढकलगाडी आडवी लावते तिला. सगळे मला मोठा सोशिक माणूस समजतात. सोशिक कसला, माझा सगळा राग रविवारी दुपारी पुसला जातो एवढंच.

हां, तुम्ही चालू द्या तुमचं. पासवर्ड त्या कागदावर आहे, कीबोर्डच्या खाली. माहीत आहे, ठेवू नये. वीब्केही ओरडते. कॉफी घेणार? दूध नाहीये, आधीच सांगतो. गुरुवारी येतं ते, म्हणजे गुरुवारी वीब्के आणून देते — मुलगी माझी — दूध, बटाटे, पाव, सध्या शतावरीचे दिवस आहेत तर ती. दर गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी फोन करते, काय काय हवं म्हणून, आणि गुरुवारी येते. या आठवड्यात फोन नाही. बरं, नसेल वेळ. पण काल आली होती हो! मी या खिडकीत उभा, पाच वाजता, तिची पिवळ्या टोपलीची सायकल बरोब्बर खाली. उतरली, दारात गेली. मी म्हटलं आता बेल वाजेल, दाराशी जाऊन उभाही राहिलो. दोन मिनिटं झाली, बेल नाही. खिडकीत येतो तर ही चालली. वर बघितलं नाही. तीन जिने चढायचा कंटाळा! मी सत्त्याहत्तर वर्षांचा, एका गुडघ्याचा, कालपासून डब्यातलं मटाराचं सूप खातोय, आणि हिला जिना चढवत नाही. आमच्या वेळी असं नव्हतं — जाऊ दे, हे वाक्य मी म्हणायचं नाही असं ठरवलंय.

ते कसलं पत्र, तेच ना? वसाहतीचं. तुमची नाही बाग? नशीबवान आहात. गावाबाहेर रेल्वेच्या पलीकडे आमची बागवसाहत आहे, अठ्ठ्याऐंशी तुकडे, भाड्याने, प्रत्येकाला एक खोपटं आणि थोडी जमीन. लोकांना वाटतं मजा करायची जागा. मजा नाही, नियम आहेत. कुंपणाची झाडं एक मीटर पंचवीसच्या वर नाहीत. दुपारी एक ते तीन आवाज नाही. आणि मुख्य म्हणजे जमिनीचा एक तृतीयांश भाग भाजी आणि फळांखाली असलाच पाहिजे, नाहीतर ती बाग नव्हे, हिरवळ. मी बावीस वर्षं वसाहतीचा चिटणीस होतो, अर्धे नियम या हाताने लिहिलेत. तर चौतीस नंबरवाली — एक बाई आहे — तिच्या जागेत तीनशे बारा चौरस मीटरपैकी एकशेचार हवेत, आणि आहेत किती? एकसष्ट पूर्णांक चार. मी मोजलेत. पहाटे साडेपाचला, फीत घेऊन, ती माणसं समुद्रावर गेली होती तेव्हा. बटाट्यांचे वाफे होते तिथे काय, तर उड्या मारायची जाळी! गूजबेरीच्या रांगेत अंगाला खाज आणणारं रान वाढवलंय, म्हणे फुलपाखरांसाठी. फुलपाखरांसाठी! चाळीस वर्षं मी त्या रांगेत गुडघे टेकून —

हो. माझी होती ती बाग. चौतीस नंबर माझा होता. मग? गुडघा गेला, दोन वर्षांपूर्वी सोडली.

कुणाला म्हणजे? वीब्केला. झालं समाधान? चौतीस नंबरवाली बाई म्हणजे माझी मुलगी. मशीनकडे बघा हो, माझ्याकडे काय बघताय.

माहीत आहे मला, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण नियम नियम असतो, मुलगी असली म्हणून जमीन वाढते का? आणि मी लगेच नाही काही लिहिलं. दोन वर्षं बघत होतो. कुंपण वाढलं, वसाहतीचे अध्यक्ष आहेत क्नूप, त्यांनी तिला पहिली नोटीस दिली. मी म्हटलं, काप. कापते म्हणाली. जाळी आणली, दुसरी नोटीस. मी म्हटलं, अगं, तिसरी आली की भाडेपट्टा जातो, एकसष्ट माणसं यादीत वाट बघतायत. तर हसते. मग त्या अकरा मेला, रविवार होता, कॉफीला बोलावलं होतं तिने बागेत. केक केला होता, बरा होता. नात माझी, फेन्या, सहा वर्षांची, त्या जाळीवर उड्या मारत होती, आजोबा बघ, आजोबा बघ. आणि मी वीब्केला म्हटलं, त्या रानापासून कुंपणापर्यंत मला सव्वातीन मीटर दिसतंय, तिथे घेवडा लावता येईल. यात काय वाईट बोललो? चांगलंच सांगत होतो ना? तिने कप खाली ठेवला. म्हणाली, बाबा, तू इथे मोजायला येतोस, बघायला कधी येतच नाहीस. सगळ्यांसमोर. जावई केककडे बघत बसला. मी उठलो, बस पकडली, घरी आलो आणि लिहिलं. दोन पानं. मापांसकट, नकाशासकट, सही करून. वसाहतीच्या मंडळाला, विषय — चौतीस नंबरच्या तुकड्यातील नियमभंग, तिसरी तक्रार. इतकं चांगलं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

काय? सापडलं? काय सापडलं?

म्हणजे — थांबा, नीट सांगा. उघडाच आहे? प्रोग्रॅम उघडाच आहे, मंगळवारपासून? त्या यादीत दाखवतो म्हणता. मागे चालू आहे आणि नुसती खिडकी पुढे येत नाही. अरे वा! म्हणजे मी अकरा वेळा दार ठोठावतोय आणि हा आत बसून ऐकतोय. आणि खिडकी का येत नाही, तर ते जुनं शुद्धलेखन तपासणारं मी जोडलं होतं त्याला, ते नव्या अपडेटशी भांडतंय. असेल. शुद्धलेखनाचं आता कुणाशीच पटत नाही. मग ते काढून टाका, सोडा त्याला. फक्त उघडताना एक करा, खूण — जोडणीशिवायची खूण — आधी ती बघा. पत्र आउटबॉक्समध्ये आहे, ते सुटता कामा नये. कारण सुटलं ना, तर काय होतं ठाऊक आहे? क्नूपकडे पोचतं, आणि तक्रारीची प्रत त्याच दिवशी तिला जाते, माझ्या नावासकट. हा नियम आहे. कुणी केला? मी केला! सत्त्याण्णव साली. लोक निनावी चिठ्ठ्या टाकायचे, याचं कुंपण, त्याचा धूर, मी म्हटलं हा भेकडपणा बंद. तक्रार करायची तर सही हवी, माप हवं, आणि ज्याच्यावर केली त्याच्या हातात ती त्याच दिवशी पडली पाहिजे. सभेत टाळ्या वाजल्या होत्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.

पण पुसणारच होतो मी. येत्या रविवारी पुसणार होतो, खणाचा नियमच आहे तो.

तारीख? अकरा मे, सांगितलं की. हो, आज सहा जून. मग... हो. तीन रविवार झाले मध्ये. अठरा, पंचवीस, एक. तुम्ही मोजणी खात्यात शोभला असता.

बरं, ऐका. पहिल्या रविवारी मी ते उघडलं, वाचलं, आणि म्हटलं, एवढं काही चूक नाहीये यात. पुसलं नाही. पाठवलंही नाही. बाजूला काढून ठेवलं, बाकीची पत्रं गेली, खूण परत केली आणि हे परत आउटबॉक्समध्ये. दुसऱ्या रविवारी वाचलं तर एकसष्टच्या पुढचे पूर्णांक चार राहिले होते, ते घातले. गेल्या रविवारी एक स्वल्पविराम. मी वाट बघत होतो, टेश्केसाहेब. म्हणजे, ती म्हणेल काहीतरी. बाबा, चुकलं, असं नाही, इतकं नको होतं. नुसतं, बाबा, घेवडा कुठे लावू? एवढं विचारलं असतं तरी पुसलं असतं. दर गुरुवारी यायची, दूध ठेवायची, शतावरी सोलून द्यायची, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. फेन्याने चित्र काढलं म्हणून दिलं एकदा — ते बघा, फ्रीजवर. ती जाळी आहे, ते हिरवं म्हणजे रान, आणि तो कोपऱ्यातला उभा माणूस मी. हातात पिवळं काय आहे विचारलं तर म्हणाली, आजोबांची फीत. सहा वर्षांच्या मुलीला काय कळतं. मी लावलं फ्रीजवर. पत्र काही पुसलं नाही.

आणि मंगळवारी पहाटे झोप लागेना, कूस बदलून बदलून कंटाळलो, आणि पडल्यापडल्या एकदम वाटलं, अरे, काय चाललंय तुझं? एकसष्ट माणसं यादीत उभी आहेत, त्यातला कुणीतरी उद्या तुझ्या गूजबेरी उपटेल, आणि तू खुशाल पोटच्या पोरीला बाहेर काढतोयस, का, तर ती एक खरं वाक्य बोलली म्हणून? उठलो, सात वाजायची वाट बघितली —

का सातची म्हणजे? सातच्या आधी मी मशीन लावत नाही. सवय.

— आणि सात दहाला टिचकी मारली. ते पुढचं वहीत आहेच.

आला! हा बघा, उघडला! तीच निळी पट्टी, तीच डावीकडची यादी. वा, टेश्केसाहेब, तुमचा हात कुणी धरणार नाही. सरका जरा, चष्मा कुठे... हां. आता आउटबॉक्स. हे इथे. हे आउटबॉक्स ना? मग यात काही दिसत का नाही? पाच पत्रं होती. वर्तमानपत्राचं, डॉक्टरचं, ढकलगाडीचं, अजून एक, आणि हे. तुम्ही काही दाबलंत का? नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणत. खूण बघा. खूण आहे ना?

नाही.

अपडेटने काढली. सगळं मूळपदावर आणून ठेवलं म्हणता. म्हणजे मंगळवारी सात दहाला, मी टिचकी मारली तेव्हा, तो आतल्या आत उघडला, वर खिडकी आली नाही, आणि खाली वीब्केने बसवलेली ती पेटी चालूच होती... दाखवा मला. ‘पाठवलेली’ दाखवा. तीन जून, सात अकरा. सात अकरा, सात अकरा, पाचही. मी पुसायला बसलो होतो हो. पुसायलाच बसलो होतो आणि या बोटाने पाठवलं.

ते वर काय आलंय? उघडा. क्नूप. मंगळवार, नऊ पाच. ‘प्रिय ओलेनडॉर्फ, तक्रार मिळाली, आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे प्रत संबंधितांना रवाना केली आहे, एवढी अचूक मापं अलीकडे कुणी देत नाही.’ गाढव! जुन्या पद्धतीप्रमाणे! माझी मुलगी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं का? एक फोन करता आला नाही, की हार्टविग, झोपेत लिहिलंस का? नाही करणार. मीही केला नसता. बावीस वर्षं मी कुणाला केला होता?

अजून एक आहे. काल. पाच वाजून वीस. वीब्के.

नका वाचू. मी वाचतो. तुम्ही तिकडे बघा, खिडकीतून बघा.

‘बाबा, तक्रार वाचली. मापं सगळी बरोबर आहेत. क्नूपना बाग सोडत असल्याचं कळवलं आहे. चौतीसची किल्ली खाली तुझ्या टपालाच्या पेटीत टाकली आहे.’

एवढंच आहे. खाली काही आहे का बघा, सरकतंय का. नाही ना? नावही नाही. एरवी फेन्या खाली फुलं-बिलं काढते.

तर तेव्हा ती पेटीपाशी होती. दोन मिनिटं. मी इथे दाराशी उभा होतो, बेलची वाट बघत, आणि मनात म्हणत होतो, जिना चढायचा कंटाळा. ती किल्ली मीच दिली होती तिला, पितळी बिल्ल्याची, तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, लाल फीत बांधून. केवढी रडली होती. मी म्हटलं, रडतेस काय, कुंपण कापत जा.

फोन? कुणाला, तिला? आणि काय सांगू? की अपडेटने पाठवलं? सही अपडेटची आहे? तीन रविवार अपडेटने स्वल्पविराम घातले? ती हसेल — नाही, हसणार नाही, तेच तर. ती म्हणेल, बरं बाबा. अगदी शांतपणे म्हणेल. माझ्यावरच गेली आहे ती, एकदा बसला की बसला. मापं बरोबर आहेत म्हणते! एक तरी चूक काढायची होतीस गं. मी आलो असतो परत मोजायला.

राहू द्या, आवरा तुम्ही. ते शुद्धलेखनाचं परत जोडू नका. खूण? खूण करू की नको विचारताय? आता काय करायचीय. उघडं असू दे, कुणाला लिहायचं राहिलंय. तुम्ही काम चोख केलंत, तुमची काही तक्रार नाही. निघा. जिना जपून उतरा, दुसऱ्या मजल्यावर ढकलगाडी असायची, नसेल आता, तिलाही पत्र गेलंय. खाली डाव्या हाताला पेट्या आहेत, वरच्या ओळीत शेवटची, ओलेनडॉर्फ. फटीतून दिसतं आत काय आहे ते. तुम्ही जरा... नको. नका बघू. सरळ जा. बिल पोस्टाने — नको, पोस्टाने नको, पेटी उघडावी लागेल.

दार ओढून घ्या.